चमचा तोंडाजवळ नेण्याआधी: जेवता न येणाऱ्या आणि जेवायला नकार देणाऱ्या रुग्णाला कसं भरवावं

मिटलेल्या ओठांसमोर भरलेला चमचा धरून बसण्याइतकं हतबल करणारं काम शुश्रूषेत दुसरं नसेल. "दोनच घास", "माझ्यासाठी एक", "मग औषध कसं देऊ?" अशी विनवणी करून झाली की आवाज चढतो, मग स्वतःचीच लाज वाटते आणि ताट झाकून ठेवलं जातं. रात्री हिशेब एकच उरतो: आज पोटात काही गेलं नाही.

या हिशेबात एक घोळ आहे. किती गेलं हे आपण मोजतो. कसं गेलं, आणि गेलं नाही तर का नाही, हे बघायचं राहून जातं. गिळणं बिघडलेल्या माणसाला आग्रहाने भरवलेला घास फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करू शकतो. उलट, ज्याला नीट गिळता येतं पण तोंड आल्यामुळे खाववत नाही, त्याची गरज औषधाची असते आणि घरात चर्चा नळीची सुरू होते. म्हणून चमचा उचलण्याआधी एकच प्रश्न: या माणसाला खाता येत नाही, की खावंसं वाटत नाही? बरेचदा दोन्ही एकत्र असतं, पण उपाय वेगळे असल्याने धागे सुटे करावे लागतात.

आधी तोंडात डोकावा

बॅटरी घ्या आणि रुग्णाला तोंड उघडायला सांगा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि तरी कुणी करत नाही. जिभेवर किंवा गालाच्या आतून पांढरे चट्टे दिसले आणि पुसताना खाली लाल, दुखरी त्वचा लागली तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. तो औषधाने बरा होतो. वजन उतरलं की हिरड्याही आकसतात, मग जुनी कवळी सैल पडून घासागणिक टोचते. किडलेला दात, कोरडी पडलेली जीभ, फाटलेले ओठ हेही बघा.

मग तोंडाच्या बाहेरची कारणं. शौचाला किती दिवस झाले नाही? पोट तुंबलेलं असेल तर भूक लागणार कुठून? वेदना आहेत का? असतील तर वेदनाशामकाची वेळ जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी बसवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. अलीकडे नवं औषध सुरू झालं का? काही प्रतिजैविकांनी तोंडाला धातूची चव येते, तीव्र वेदनाशामकांनी मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, हृदयाची काही औषधं भूक मारतात. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलं आहे ना? समोर काय वाढलंय ते दिसत नसेल आणि आपण काय बोलतोय ते ऐकू येत नसेल, तर तोंड उघडायला कुणीही कचरेल. अन्नावरची वासना उडण्यामागे नैराश्यही असतं. म्हातारपणाच्या नावाखाली ते सर्रास दुर्लक्षिलं जातं.

तीन दिवस साधी नोंद ठेवा: काय दिलं, किती गेलं, कोणत्या वेळी, आणि मध्ये काय घडलं. "काहीच खात नाहीत" या तक्रारीने डॉक्टरांना फार कळत नाही. या कागदाने कळतं. वजनही लिहा. ठरवून न घटवलेलं वजन तीन ते सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त घटलं तर लक्ष द्यायला हवं, दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर ते गंभीर. ६० किलोच्या माणसासाठी हे आकडे ३ आणि ६ किलो.

पाणी सगळ्यात अवघड

गिळताना कंठमणी वर उचलला जातो, श्वासनलिकेचं दार क्षणभर बंद होतं आणि घास अन्ननलिकेत उतरतो. सेकंदभराचं काम, पण त्यात डझनावारी स्नायूंचा मेळ लागतो. पक्षाघात, पार्किन्सन, डिमेन्शिया, डोक्याला मार, घशाचा कर्करोग यांत हा मेळ चुकतो आणि दार उशिरा लागतं. दाट घास सावकाश सरकत असल्याने त्याला तो उशीर चालून जातो. पाणी थांबत नाही. "जेवण नको, निदान घोटभर पाणी तरी द्या" हा सल्ला प्रेमाचा असला तरी अशा रुग्णासाठी पाणीच सगळ्यात धोक्याचं ठरू शकतं.

पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाचं गिळणं जाणकाराने तपासेपर्यंत तोंडावाटे काही देऊ नये. पाणी नाही, गोळीसुद्धा नाही.

एरवी ही लक्षणं दिसली की भरवणं थांबवून डॉक्टरांना आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टला दाखवा: खाता-पिताना ठसका, घोटानंतर आवाज घोगरा, पाण्यातून आल्यासारखा ओला होणं, घास गालात साठून राहणं, एका घासाला तीन-चारदा गिळावं लागणं, जेवताना धाप लागणं, वारंवार ताप आणि छातीत कफ. आणखी एक खाचखळगा आहे. काही रुग्णांत अन्न श्वासनलिकेत जातं आणि ठसका येतच नाही, कारण घशाची संवेदनाच गेलेली असते. म्हणून ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. ओला आवाज आणि पुन्हा पुन्हा येणारा ताप यांच्यावर जास्त विश्वास ठेवा.

भरवण्याची रीत

माणूस पूर्ण जागा असेल तरच सुरुवात करा. हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा पेंगणाऱ्याला भरवायचं नाही, ताट कितीही वेळ थांबलं तरी.

आधी तोंड स्वच्छ करा. हे जेवणानंतरचं काम वाटतं, पण आधीचंही आहे. थोडी लाळ किंवा अन्न श्वासनलिकेत गेलंच, तर न्यूमोनिया करतात ते तोंडात वाढलेले जंतू. शिवाय स्वच्छ, ओल्या तोंडाला चव कळते.

रुग्णाला शक्य तितकं सरळ, काटकोनात बसवा. खुर्चीत बसता येत असेल तर पलंगापेक्षा खुर्ची बरी. पलंगावरच भरवायचं असेल तर पाठीमागे घट्ट उशा, गुडघ्यांखाली एक लोड म्हणजे अंग खाली घसरत नाही, आणि लुळ्या बाजूला आधार. हनुवटी किंचित खाली असावी. मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते.

आता तुम्ही बसा. उभ्याने भरवू नका. वरून येणाऱ्या चमच्याकडे बघायला रुग्ण मान वर करतो आणि आपण नुकतीच साधलेली बैठक मोडते. समोर किंवा थोडं बाजूला, डोळ्यांच्या पातळीवर बसा. चमचा सरळ आणि खालून येऊ द्या.

चमचा लहान, चहाचा घ्या, आणि तोही अर्धा-पाऊण भरलेला. घास जिभेच्या मध्यावर ठेवून हलका दाब द्या. त्या दाबाने जिभेला कामाची आठवण होते. ओठ मिटू द्या आणि चमचा सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर चमचा घासून अन्न खरवडून टाकायची सवय मोडा. एका बाजूचा चेहरा लुळा असेल तर घास चांगल्या बाजूला द्या.

आणि मग थांबा. सगळी कला या थांबण्यात आहे. कंठमणी वर जाऊन खाली आला की घास गिळला. शंका असेल तर रुग्णाला "आ" म्हणायला लावा: आवाज कोरडा असेल तर पुढचा चमचा, ओला असेल तर खाकरायला सांगा आणि पुन्हा कोरडं गिळायला सांगा. तोंडात पहिला घास असताना दुसरा पुढे करणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक, आणि ती नेहमी घाईत नसते. कधी कधी आपला हात आपल्या जेवणाच्या लयीत चालत असतो. दोन-तीन घासांनंतर गालात काही साठलंय का तेही बघा.

तोंडात घास असताना रुग्णाला प्रश्न विचारू नका. बोलायला श्वास घ्यावा लागतो.

बैठक साधारण अर्ध्या तासाची ठेवा. त्यापुढे गिळणारे स्नायू थकतात आणि शेवटचे घास सगळ्यात धोक्याचे ठरतात. ताट संपवण्याच्या नादात मी स्वतः हे शेवटचे चार घास रेटले आहेत, आणि रात्रभर खोकला ऐकला आहे. जेवणानंतर तोंड पुन्हा स्वच्छ करा आणि किमान ३० मिनिटं रुग्णाला आडवं करू नका.

काही गोष्टी अजिबात नकोत. नाक दाबून तोंड उघडायला लावणं हा अत्याचार आहे. सिरिंजने तोंडात अन्न सोडणंही टाळा: गिळण्याची तयारी होण्याआधीच ते घशात पोचतं. तोटीचा प्याला सोयीचा दिसतो, पण त्यातून प्यायला मान मागे करावी लागते. त्यापेक्षा एका कडेला नाकासाठी खाच असलेला पेला मिळतो, तो घ्या.

घास अडकलाच आणि रुग्णाला खोकता, बोलता, श्वास घेता येईना, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्या. सुटला नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच झटके आत आणि वर द्या, मग पुन्हा थापा. कुणाला तरी लगेच रुग्णवाहिका बोलवायला सांगा. जोरात खोकता येत असेल तर खोकू द्या, मध्ये पडू नका.

किती मऊ, किती दाट

"मऊ द्या" म्हणजे नेमकं काय, यावरून रुग्णालय आणि घर यांच्यात नेहमी गोंधळ होतो. त्यासाठी आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ० ते ७ अशा आठ पातळ्यांची. पेयं ० ते ४, खाणं ३ ते ७. थेरपिस्टने पातळी सांगितली की ती घरी तपासता येते.

पेयासाठी १० मिलीची सिरिंज घ्या (तिच्या शून्य ते १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी असावं). दट्ट्या काढा, खालचं भोक बोटाने बंद करा, १० मिलीपर्यंत पेय भरा, बोट काढा आणि १० सेकंद मोजून पुन्हा बंद करा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, म्हणजे साधं पाणी. १ ते ४ मिली उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, ८ पेक्षा जास्त उरलं तर ३. काहीच गळलं नाही तर ४; ते चमच्यानेच द्यायचं.

पातळी ४ चा लगदा चमच्यावर आकार धरून राहतो आणि चमचा कलता केला की एका गोळ्यात खाली पडतो, चिकटून बसत नाही. पातळी ५ मध्ये मोठ्या माणसासाठी कण ४ मिमीहून रुंद नसावेत. साध्या काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण तेवढीच असते. पातळी ६ चे तुकडे १.५ सेंमीपर्यंत, आणि काट्याने दाबल्यावर चिरडले जायला हवेत.

पातळ रसात तरंगणारे तुकडे सगळ्यात फसवे: तुकडा चावेपर्यंत रस घशात पोचलेला असतो. आइस्क्रीम आणि जेली दाट दिसतात, पण तोंडाच्या उबेने पाणी होतात. पेय दाट करायची पावडर दोन प्रकारची असते. स्टार्चची पावडर ठेवून दिली की आणखी घट्ट होत जाते आणि लाळेने पातळ होते. झॅन्थन गमची टिकून राहते. रेच म्हणून दिलं जाणारं पॉलिएथिलीन ग्लायकॉल स्टार्चने दाट केलेल्या पेयात मिसळू नका, ते पेय पुन्हा पातळ होतं. आपल्या मनाने पेयं दाट करायला मात्र सुरुवात करू नका. दाट पेय कुणालाच आवडत नाही, माणूस कमी पितो आणि शरीर सुकतं. लघवी गडद होऊ लागली तर तीच खूण समजा.

गिळता येतं, पण नको म्हणतात

इथे पहिला उपाय ताट लहान करणं. भरलेलं ताट बघूनच भूक नसलेल्याचा धीर सुटतो. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी, दर दोन-तीन तासांनी. कोणत्या वेळी थोडी भूक असते ते तुमच्या नोंदीत सापडेल. बहुतेकांची सकाळची बरी असते. तेव्हाच सगळ्यात पौष्टिक द्या. न खाल्लेलं ताट "नंतर खातील" म्हणून उशाशी ठेवू नका. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या सुमारास हेच बजावून ठेवलं होतं: समोर निवत पडलेलं अन्न उरलीसुरली भूकही घालवतं.

मात्रा वाढवता येत नसेल तर घासाचं वजन वाढवा. अर्धा लिटर दुधात चार मोठे चमचे दुधाची पावडर मिसळली की तेवढ्याच पेल्यात बरीच जास्त प्रथिनं आणि उष्मांक जातात. सूप, लगदा, खीर यांत तेच दूध, लोणी किंवा साय घाला. साधारण अंदाज म्हणून रोज वजनाच्या दर किलोमागे २५ ते ३० उष्मांक आणि १ ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिनं लागतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आहारतज्ज्ञाला विचारूनच.

मळमळ असेल तर गरमपेक्षा गार पदार्थ बरे, कारण वास कमी येतो. स्वयंपाकाचा वास खोलीत शिरू देऊ नका. तोंडाला धातूची चव येत असेल तर प्लास्टिकचा चमचा वापरा. आणि एक सांगतो: केमोथेरपी चालू असताना रुग्णाचा सगळ्यात आवडता पदार्थ पुढे करू नका. उलटीशी त्याची सांगड बसली तर तो कायमचा नकोसा होतो.

डिमेन्शियाचं गणित निराळं. तिथे "नको" याचा अर्थ कधी "हे काय आहे ते कळत नाही", कधी "तोंड उघडायचं कसं ते आठवत नाही" असा असतो. टीव्ही बंद, टेबलावर एकच पदार्थ, आणि अन्नाच्या रंगाहून ठळक वेगळ्या रंगाचं साधं ताट. हाताने उचलता येतील असे मऊ तुकडे द्या. चमचा विसरलेला हात तुकडा ओळखतो. चमचा त्यांच्या हातात द्या आणि तुमचा हात त्यांच्या हाताखाली ठेवून दोघांनी मिळून तोंडाशी न्या. चमचा स्वतःच्या हातात आला की तोंड बरेचदा आपोआप उघडतं. समोर बसून तुम्हीही खा. तोंड फिरवलं तर वाद घालू नका. वीस मिनिटांनी पुन्हा या, वेगळी चव घेऊन. गोडाची आवड बहुधा शेवटपर्यंत टिकते, तिचा फायदा घ्या.

नळीचा मार्ग

तोंडाचा रस्ता बंद झाला की काय करायचं, यावर वैद्यकाने शतकानुशतकं डोकं फोडलं आहे. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्टीवर ईल माशाची कातडी चढवून नळी बनवली आणि गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या जठरात अन्न पोचवलं. तो बरा झाला. १८८१ मध्ये गोळी लागलेले अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना मात्र डॉक्टरांनी गुदद्वारातून मांसाचा रस आणि व्हिस्की देऊन जगवायचा प्रयत्न केला. मोठं आतडं प्रामुख्याने पाणी आणि क्षार शोषतं, प्रथिनं नाहीत. अध्यक्ष खंगत गेले आणि ७९ दिवसांनी वारले. "सलाइन लावली की ताकद येते" हा समज त्याच जातीचा. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या (एक प्रकारच्या साखरेच्या) एक लिटर बाटलीत जेमतेम १७० ते २०० उष्मांक असतात. ती पाणी देते, जेवण नाही.

काही आठवड्यांची गरज असेल तर नाकातून जठरात जाणारी नळी घालतात. घालण्याचं काम प्रशिक्षित माणसाचं. नाकाचं टोक, कानाची पाळी आणि छातीच्या हाडाचं खालचं टोक असं मोजून लांबी ठरते. नळी जठरातच आहे याची खात्री दोनच गोष्टी नीट देतात: आतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ किंवा कमी असणं, नाहीतर एक्स-रे. आम्लता कमी करणारी औषधं चालू असतील तर पीएच फसवू शकतो. हवा सोडून स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही, कारण नळी फुप्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो.

घरी दर वेळी असं करा. हात धुवा. डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर घ्या. नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण सरकलेली नाही ना ते बघा. शिकवलं असेल तर पीएचही तपासा. रुग्णाला मध्ये उलटी किंवा जोराचा खोकला झाला असेल आणि नळीच्या जागेबद्दल जरा जरी शंका असेल, तर काही सोडू नका. सगळं ठीक असेल तर ३० मिली पाणी सोडा. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडा आणि खोलीच्या तापमानाचं अन्न आपल्या भाराने उतरू द्या. सिरिंज वर धरली की वेग वाढतो, खाली घेतली की कमी होतो. २०० ते ३०० मिलीला २०-३० मिनिटं लागू द्या. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, आणि पुढचा अर्धा ते एक तास डोकं वरच. मध्ये खोकला, धाप किंवा ओठांवर निळसर झाक दिसली तर ताबडतोब थांबवा आणि मदत बोलवा. पावडरपासून कालवलेलं अन्न चार तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर लटकत ठेवू नका.

औषधं अन्नात मिसळू नका. एकेक वेगळं द्या आणि प्रत्येकानंतर पाणी सोडा. गोळी कुटण्याआधी विचारा: हळूहळू विरघळणाऱ्या आणि आम्लरोधक आवरणाच्या गोळ्या कुटल्या की त्यांचा परिणाम बदलतो. नळी तुंबली तर मोठ्या सिरिंजने कोमट पाणी हलकेच पुढे-मागे करा. लहान सिरिंजचा दाब जास्त असतो, नळी फुटू शकते. तार तर चुकूनही नको. आणि तोंडाने काही जात नसलं तरी तोंड रोज स्वच्छ करायचंच.

चार ते सहा आठवड्यांहून जास्त गरज दिसत असेल तर पोटावरून थेट जठरात बसवलेल्या पेग नळीचा विचार होतो. १९८० मध्ये गॉडरर आणि पॉन्स्की यांनी ही रीत मांडली आणि पोट उघडण्याची शस्त्रक्रिया टळली. जागा रोज धुऊन कोरडी ठेवा. नळी कधीपासून आणि किती फिरवायची ते बसवणाऱ्या पथकाकडून शिकून घ्या. नळी निघून आली तर "उद्या बघू" नको: भोक काही तासांतच बुजू लागतं. आतडंच काम करत नसेल तर शिरेतून पोषण देता येतं, पण तो रुग्णालयाच्या देखरेखीचा विषय.

अखेरच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असं दिसलेलं नाही. तिथे तज्ज्ञ सावकाश हाताने भरवण्याचाच सल्ला देतात.

फार दिवस उपाशी असेल तर

पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काही न खाल्लेल्या माणसाला भूक लागली म्हणून पोटभर वाढणं धोक्याचं आहे. अन्न मिळताच इन्सुलिन वाढतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांमध्ये हे मृत्यू पाहिले गेले. म्हणून पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त नको. दहा दिवसांहून जास्त उपास किंवा फार खंगलेलं शरीर असेल तर रक्ततपासणी आणि थायमिनसह (जीवनसत्त्व बी१), डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणखी सावकाश सुरुवात करायची.

नकार खरा असतो तेव्हा

शुद्धीत असलेल्या, समजून-उमजून नको म्हणणाऱ्या माणसाला जबरदस्तीने भरवण्याचा अधिकार कुणालाही नाही. कारण विचारा, उपाय सुचवा, डॉक्टरांशी त्याचं बोलणं करून द्या. एनोरेक्सियासारख्या (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याच्या) मानसिक आजारात नकाराचा अर्थ वेगळा असतो, आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतोच.

आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत भूक आणि तहान विझत जातात. माणूस खात नाही म्हणून मरत नसतो. शरीर मिटू लागलंय म्हणून खाणं थांबतं. तेव्हा भरवण्याचं काम आकाराने लहान होतं: मागितला तर आवडत्या चवीचा अर्धा चमचा, नाहीतर ओला स्पंज ओठांवर आणि जिभेवरून हलकेच फिरवणं, ओठांना मलम लावणं. दर तासा-दोन तासांनी. स्पंज नीट पिळून घ्या, पाणी घशात ओघळायला नको.